पुरुषांनी हील आणि प्लॅटफॉर्म बूट घेताना माप कसं जुळवायचं

पुरुषाला हीलचे बूट घ्यायचे असले की दुकानात पहिलं उत्तर येतं "तुमच्या नंबरात नाही येत" आणि मग माणूस एकतर नाद सोडतो किंवा जे मिळेल त्यात पाय कोंबतो. मी दोन्ही केलंय. बायकांचे ४१ नंबरचे बूट घेऊन सहा महिने घातले, करंगळीवर कुरूप आलं, आणि मला वाटत राहिलं की माझाच पाय हीलसाठी बनलेला नाही. तसं काही नव्हतं, बूट चुकीचे होते एवढंच. जोड्या घेत, परत करत आणि एक मुंबईत बनवून घेत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमच्या पायाला तेवढा त्रास व्हायला नको.

आधी एक गोष्ट, कारण दुकानात कुणी हसलं की ती मनाशी असलेली बरी. टाच असलेला बूट मूळचा पुरुषांचाच, इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून टाचेचे बूट घालायचे. सतराव्या शतकात फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा घालून दरबारात बसायचा. १९६०च्या दशकात बीटल्सच्या पायात होते ते क्यूबन हीलचे, म्हणजे मध्यम उंचीच्या जाड टाचेचे, घोट्यापर्यंतचे बूट, लंडनच्या अॅनेलो अँड डाविडे या दुकानाने बनवलेले, आणि सत्तरच्या दशकात तर बेलबॉटमखाली आपल्याकडच्या हिरोंपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी जाड सोल घातले. तेव्हा मागायला अजिबात लाजू नका.

पहिलं काम: पाय मिलिमीटरमध्ये मोजा

नंबर विसरा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय सुजतो, आणि जे मोजे बुटात घालणार तेच घालून मोजा. फरशीवर भिंतीला टेकवून कागद ठेवा, टाच भिंतीला लावा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन सरळ उभं धरून बाह्यरेषा काढायला सांगा, स्वतः वाकून काढलीत की वजन सरकतं आणि माप चुकतं. लांबी टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत, आणि ते दर वेळी अंगठाच असतो असं नाही. दोन्ही पाय मोजा. माझा डावा २६४ आहे, उजवा २६८. बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा, लहान पायाला नंतर पॅड लावता येतं पण मोठा पाय कापता येत नाही.

मग शिंप्याच्या टेपने चवड्याचा घेर घ्या, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी जी हाडं बाहेर येतात त्यांच्यावरून गोल. माझा २५८ मिमी. तिथून वर पायाचा जो उंचवटा असतो त्याचाही घेर घ्या, आणि उंच बूट हवे असतील तर पोटरीचाही, बसून नाही तर उभं राहून.

आता ज्या मापाकडे कुणीच बघत नाही ते, आणि माझ्या मते हीलमध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं: टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या हाडापर्यंतचं अंतर. दोन माणसांचे पाय सारखेच लांब असले तरी एकाची बोटं लांब असतात, दुसऱ्याची कमान लांब असते. बूट जिथे वाकतो आणि जिथे सगळ्यात रुंद असतो ती जागा तुमच्या त्या हाडाखाली यायला हवी. सपाट बुटात थोडंफार चुकलं तर चालून जातं, हीलमध्ये अख्खं वजन पुढे चवड्यावर येतं म्हणून तिथे नाही चालत, तळवा मधेच लोंबकळतो आणि तासाभरात जळजळ सुरू होते. ही सगळी मापं एका कागदावर लिहून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

नंबरांचा गोंधळ

भारतात बॉक्सवर बहुतेक वेळा यूके नंबर असतो. यूकेची पट्टी पुरुष आणि बायकांना एकच आहे, एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिमी. युरोपियन पट्टीही एकच, तिथे एक नंबर म्हणजे पाऊण सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी. घोळ अमेरिकन नंबरात आहे, तिथे बायकांचा नंबर पुरुषांच्यापेक्षा दीड ते दोन नंबरांनी पुढे असतो, म्हणजे २६५ मिमी पायाला साधारण यूके ८, युरोपियन ४२, अमेरिकन पुरुषांचा ९ आणि बायकांचा साडेदहा-अकरा. वेबसाइटवर नुसतं "यूएस ९" लिहिलं असेल तर ते कुणाचं ते विचारल्याशिवाय पैसे भरू नका, माझी एक जोडी नेमकी यातच फसली.

पण लांबी जुळली म्हणजे झालं असं नाही. बूट बनतो फर्म्यावर, पायाच्या आकाराचा तो लाकडी किंवा प्लास्टिकचा साचा असतो ना, त्यावर. बायकांच्या बुटांचा फर्मा तेवढ्याच लांबीत चवड्याला आणि टाचेला अरुंद असतो, वरच्या उंचवट्यालाही कमी जागा देतो. म्हणून पुरुष बायकांचे ४२ घालायला जातो तेव्हा लांबी बरोबर आणि बाजूने चेपलेला अशी गत होते, मग तो ४३ घेतो, रुंदी जमते पण टाच आत वरखाली होते. या सापळ्यात पडू नका. रुंद पाय असेल तर लेस असलेलाच बूट घ्या. बाजूला चेन असलेला बूट एकाच मापात अडकलेला असतो, लेस ओढून घोट्याला घट्ट आणि चवड्याला सैल असं करता येतं. लेस आणि चेन दोन्ही असलेले मिळाले तर उत्तम.

किती उंच? खरा चढ मोजा

टाच ११ सेमी आणि पुढची प्लॅटफॉर्म, म्हणजे चवड्याखालचा जाड सोल, ५ सेमी असेल तर पायाला जाणवणारा चढ ६ सेमीच असतो. लोक फक्त टाचेची उंची बघून घाबरतात किंवा उगाच धाडस करतात. वजाबाकी करा. पहिल्यांदा घेणाऱ्याने चढ ४-५ सेमीच्या वर नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग दिसायला बूट कितीका उंच असेना. टाच रुंद चौकोनी घ्या, कारण आपले फूटपाथ पेव्हर ब्लॉकचे आहेत आणि बारीक टाच दोन ब्लॉकच्या फटीत गेली की घोटा मुरगळलाच समजा.

प्लॅटफॉर्मचा वेगळा मुद्दा असा की जाड सोल वाकत नाही. म्हणून सोलचं पुढचं टोक जमिनीपासून किंचित वर उचललेलं हवं, म्हणजे पाऊल गोल फिरत पुढे जातं. टोक सपाट असेल तर चालताना ठेच लागल्यासारखं होतं, जिन्यावर तर फारच. वजनही हातात घेऊन बघा, ईव्हीएचे, म्हणजे फोमसारखे, सोल हलके असतात आणि भरीव रबरचे संध्याकाळपर्यंत गुडघे दुखवतात.

कुठे बघायचं

मुंबईत लिंकिंग रोडसारख्या ठिकाणी बायकांच्या सेक्शनमध्ये माल साधारण ४१ला संपतो, पण तुमचा पाय यूके ७च्या आसपास असेल तर तिथे नक्की बघा, बिनधास्त घालून बघा. पुरुषांच्या सेक्शनमध्ये चेल्सी (बाजूला इलॅस्टिक असलेले घोट्यापर्यंतचे) आणि काउबॉय पद्धतीच्या बुटांना ४-५ सेमी टाच मिळते आणि फर्मा पुरुषांचाच असतो, सुरुवातीला याहून सोपा मार्ग नाही. जाड प्लॅटफॉर्म हवे असतील तर स्पेनची न्यू रॉक कंपनी बूट स्त्री-पुरुष दोघांसाठी बनवते, आणि अमेरिकेतल्या प्लीझर कंपनीच्या डेमोनिया ब्रँडमध्येही पुरुषांचे नंबर मिळतात. बाहेरून मागवताना कस्टम ड्यूटी लागते आणि परत पाठवणं महाग पडतं, म्हणून आधी मापाच्या कागदाचा फोटो पाठवून आतल्या सोलची लांबी आणि रुंदी मिमीमध्ये विचारा. जो विक्रेता ती मोजून देत नाही त्याच्याकडून मी घेत नाही.

बनवून घ्यायचे असतील तर मुंबईत चेंबूर-कुर्ल्याकडची ठक्कर बाप्पा कॉलनी आहे, तिथे एकेका खोलीत चपला-बुटांचे कारखाने चालतात. सगळे एकच जोडी बनवत नाहीत, डझनाच्या ऑर्डरची सवय असते, पण विचारत फिरलं की तयार होणारा कारागीर भेटतो. तिथे गेल्यावर एक प्रश्न विचाराच: "हा फर्मा किती टाचेचा आहे?" फर्म्याला टाचेची उंची आधीच ठरलेली असते. माझी पहिली बनवून घेतलेली जोडी एकाने सपाट बुटाच्या फर्म्यावर ओढली आणि खाली ७ सेमीची टाच चिकटवून दिली, दिसायला झकास, पण टाच मागे कलली होती आणि पुढची बोटं हवेत. दोन दिवसांत बाद झाली. त्यानंतर ज्याने बनवली त्या कारागिराने माझ्या टाचेखाली ५ सेमीच्या फळ्या ठेवून त्या अवस्थेत चवड्याचा घेर घेतला, मग कपाटातून टाचेचा फर्मा काढला आणि चवड्यावर चामड्याचा तुकडा लावून तो माझ्या मापाइतका फुगवला. तोच बूट मी आजही घालतो.

याच कारणाने गल्लीतल्या मोच्याकडून तयार बुटाची टाच वाढवून घेऊ नका, अर्ध्या सेमीच्या पुढे बुटाचा तोल बिघडतो. अख्खा सोल पुढेमागे सारखा वाढवला तर चढ बदलत नाही, ते मात्र चालतं.

घालून बघताना

दोन्ही बूट घाला, लेस पूर्ण बांधा आणि पाच मिनिटं नुसते उभे राहा. टाच मागे घट्ट बसलेली हवी. चालताना नव्या बुटात ती किंचित, पाच-सहा मिमी उचलली तर ठीक, कातडं नरम झालं की कमी होतं, त्याहून जास्त असेल तर तो बूट तुमचा नाही. बोटांपुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी, बोटं हलवता यायला हवीत. मग जिना उतरा. चढताना सगळेच बूट छान वाटतात, उतरताना पाय पुढे घसरून बोटं आपटली की खरं काय ते कळतं. दुकानात जिना नसेल तर पायरीवर, तेही नसेल तर फूटपाथच्या कडेवर उतरून बघा, दुकानदार काही म्हणत नाही.

बूट पायातून काढून टेबलावर ठेवा आणि समोरून-मागून बघा, टाच सरळ उभी आहे का, बोटाने ढकलल्यावर डुगडुगते का. मग दोन्ही हातांत धरून मधे पिळा. कमानीखाली स्टीलची पट्टी असते, ती असेल तर बूट मधे वाकत नाही, फक्त चवड्याशी वाकतो. मधेच वाकला तर ठेवून द्या, किती का आवडला असेना.

अजून एक, जुन्या स्टॉकच्या सेलपासून सांभाळून. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) सोल दमट हवेत नुसते बॉक्समध्ये पडूनसुद्धा खराब होतात आणि तीन-चार वर्षांनी घातल्यावर चालता चालता भुगा होतात, आणि मुंबई-कोकणची हवा तर विचारूच नका. बॉक्सवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं ते वाचा, सोलवर नख दाबून बघा, चिकट लागलं किंवा चीर गेली तर घेऊ नका.

थोडंसं कमीजास्त असेल तर

पाय पुढे घसरत असेल तर लोक टाचेमागे पॅड चिकटवतात, त्याने पाय उलटा अजून पुढे ढकलला जातो. त्याऐवजी बुटाच्या जिभेखाली आतून पॅड लावा, ते पायाला मागे टाचेकडे दाबून धरतं. चवड्याखाली जेलचं पॅड जळजळीसाठी चांगलं, पण ते जागा खातं, आधीच घट्ट असलेल्या बुटात घालू नका. बाजूने चेपत असेल आणि खरं कातडं असेल तर मोची फर्म्यावर चढवून दोन दिवसांत थोडी रुंदी काढून देतो. लांबी वाढत नाही. रेक्झिन जवळपास काहीच ताणलं जात नाही, तेव्हा "वापरून सैल होईल" हे दुकानदाराचं वाक्य रेक्झिनच्या बाबतीत सोडून द्या.

पहिला आठवडा घरातच घाला, रोज अर्धा-पाऊण तास, पावलं नेहमीपेक्षा छोटी. बाहेर जायच्या आधी खाली रबरचा हाफ सोल मारून घ्या, पॉलिश केलेल्या लादीवर आणि पावसात स्टेशनच्या पुलावर त्याचा फार आधार होतो. काढल्यावर पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली सोडा, अर्धा मिनिट, कारण रोज हील घातली तर पोटरीची मागची शीर आखडते. डायबिटीसमुळे पाय बधिर असतील किंवा घोटा पूर्वी मोडला असेल तर आधी डॉक्टरला विचारा, हे मी गंभीरपणे सांगतोय.

आणि एकदा नीट बसणारी जोडी सापडली की मापाच्या त्याच कागदावर तिचा ब्रँड, मॉडेल, नंबर, टाचेची आणि प्लॅटफॉर्मची उंची लिहून ठेवा, बनवून घेतली असेल तर कारागिराला तुमचा फर्मा नाव टाकून वेगळा ठेवायला सांगा. माझ्या कारागिराच्या कपाटात माझा आहे, आता मी फोन करून नुसता रंग सांगतो.