कॅन्सरची टार्गेटेड गोळी लिहिण्याआधी: छोट्या हॉस्पिटलांनी या चुका टाळाव्यात

मागच्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावाहून एसटी पार्सलने आमच्या लॅबमध्ये एक बाटली आली. कफ सिरपची, धुतलेली. आत सलाईन आणि गॉजला चिकटलेले फुफ्फुसाच्या बायोप्सीचे दोन बारीक धागे. वाटेत दीड दिवस गेला होता, तुकडे कुजले होते. पन्नाशीच्या त्या बाईंच्या छातीत पुन्हा सुई घालावी लागली आणि तीन आठवडे वाया गेले. मला ते अजून सलतं, कारण बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांचा हात उत्तम होता. नडली ती बाटली.

भारतात फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या (हा फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) साधारण चारपैकी एका रुग्णात गाठीच्या वाढीशी जोडलेल्या ईजीएफआर जनुकात बदल सापडतो. त्यांच्यासाठी त्या बदलावर नेम धरणारी, म्हणजे टार्गेटेड, रोजची गोळी हा केमोपेक्षा चांगला पर्याय असतो. पण तो बदल शोधायचा तर तुकड्यातला डीएनए शाबूत हवा, आणि त्याचं भवितव्य पहिल्या तासात, तुमच्याच प्रोसिजर रूममध्ये ठरतं.

सलाईन आणि अरुंद तोंडाची बाटली

तुकडा काढल्या काढल्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं. बाटली रुंद तोंडाची घ्या. मऊ असताना आत सरकलेली गाठ कडक झाली की बाहेर निघत नाही. स्तनाच्या गाठीला तासाच्या आत फॉर्मॅलिन मिळावं आणि ती त्यात ६ ते ७२ तास राहावी, नाहीतर हर-टूच्या (स्तनाच्या कॅन्सरचं औषध ठरवायला तपासलं जाणारं प्रथिन) रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून लेबलवर तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची, दोन्ही वेळा लिहा. अख्खा स्तन काढला असेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून गाठीवर छेद कुठे द्यायचा ते विचारा. तसाच बुडवला तर मधल्या गाठीपर्यंत फॉर्मॅलिन वेळेत पोचत नाही. हाडातला तुकडा असेल तर तेही लॅबला आधी सांगा. तीव्र आम्लात मऊ केलेल्या हाडातला डीएनए तपासणीच्या कामाचा राहत नाही.

तुकडा संपवून टाकणं

फॉर्मवर नुसतं ‘लंग बायोप्सी’ लिहून आलं की आम्ही एकामागून एक स्टेन (काप रंगवून बघणं) करत जातो आणि एवढासा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) तिथेच संपतो. ‘जनुकीय तपासणीसाठी टिश्यू राखून ठेवा’ एवढं एक वाक्य लिहा. नातेवाईक ब्लॉक घेऊन मुंबईला निघाले तर सांगा, मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ते मेण आहे.

रिपोर्टआधीच औषध

‘बाई आहेत, तंबाखूला हात लावलेला नाही, म्हणजे ईजीएफआर असणारच’ हा अंदाज मी वारंवार ऐकतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आयपास या औषधचाचणीत आशियातले, बहुतेक कधीच धूम्रपान न केलेले रुग्ण होते. त्यांच्यातही ज्यांना बदल नव्हता, त्यांचा आजार जेफिटिनिब या ईजीएफआरच्या गोळीवर केमोपेक्षा लवकर वाढला. अंदाजाने गोळी देणं म्हणजे या रुग्णांचं नुकसान करणं. घाईने इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागं करणारं औषध) सुरू करणंही तितकंच धोक्याचं. नंतर ईजीएफआर पॉझिटिव्ह निघाला आणि लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरची गोळी दिली, तर फुफ्फुसाला गंभीर सूज येऊ शकते. रुग्णाची तब्येत थांबू देत नसेल तर पहिली सायकल केमोची द्या आणि रिपोर्ट येऊ द्या.

रिपोर्ट अर्धवट वाचणं

हर-टू ‘२+’ हे उत्तर नव्हे, पुढे फिश तपासणी (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) करायची आहे असा त्याचा अर्थ. रक्तावरची लिक्विड बायोप्सी निगेटिव्ह आली म्हणजे बदल नाहीच, असंही नाही. रक्तात गाठीचा डीएनए पुरेसा उतरलेला नसेल.

पॅन्टोप्राझोल आणि एकेटी

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर ‘पॅन’, म्हणजे आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल, असतं. जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब या ईजीएफआरच्या गोळ्या पोटातलं आम्ल कमी झालं की नीट शोषलीच जात नाहीत. एक्सरेवर डाग दिसला म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झालेले रुग्ण तर नेहमीचेच. त्यातलं रिफाम्पिसिन या गोळ्यांची रक्तातली पातळी फार खाली आणतं. मग ‘टार्गेटेडचा उपयोग झाला नाही’ असा शेरा पडतो.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडचं (कॅन्सर केंद्रांचं देशभरातलं जाळं) तुमच्या जवळचं सदस्य केंद्र कोणतं, ते आजच शोधून ठेवा. केस पाठवताना ब्लॉक नंबर, फॉर्मॅलिनची वेळ आणि चालू गोळ्यांची पूर्ण यादी द्या, ‘पॅन’सकट.