क्वार्टरबॅक आणि टाइट एंडचं जमत नाही? या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक पास फेकतो, तर टाइट एंड लाइनवर (दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात तिथे) टॅकल या अडवणाऱ्या खेळाडूला लागून उभा राहतो. एका प्लेला तो आडदांड डिफेन्सिव्ह एंडला (बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूला) अडवतो, तर पुढच्याच प्लेला तिथूनच सुटून पास झेलतो. त्याचे बहुतेक रूट (पळायचे ठरलेले मार्ग) मैदानाच्या मधल्या गर्दीतून, लाइनबॅकर (लाइनच्या मागचे बचावपटू) आणि सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) यांच्यामधून जातात. तिथे मोकळी जागा सापडते ती दोन-तीन यार्ड, तीही जेमतेम सेकंदभर. टाइट एंड मोकळा झालेला दिसल्यावर पास टाकायचा म्हटलं तर उशीर झालेला असतो. म्हणून दोघांनी एकाच बचावपटूकडे बघून, एकाच क्षणी, एकच निर्णय घ्यायचा असतो. मैदानाबाहेर दोघांची कितीही गट्टी असली तरी हे सरावाशिवाय येत नाही.

आधी पास कुठे पडला ते बघा

पास हुकला की नेमबाजीला दोष देण्याची घाई होते. मात्र बॉल कुठे पडला त्यावरून खरं कारण बरंचसं कळतं. तो टाइट एंडच्या मागे पडला, तर बहुधा क्वार्टरबॅकला वाटलं हा थांबेल, आणि हा पळत राहिला. चार पावलं पुढे पडला तर याच्या उलट. पाठीवर आदळला तर टाइट एंडने ब्लिट्झ (बचावपटूचा थेट क्वार्टरबॅकवर हल्ला) ओळखलाच नाही. रूट बरोबर असूनही बॉल सारखा डोक्यावरून जात असेल, तर टाइट एंड लाइनवर अडकतोय आणि ठरल्या जागी उशिरा पोहोचतोय. यातली एकही चूक हाताची नाही.

थांबायचं की पळायचं

बरीच इंटरसेप्शन (बचावपटूने पास पळवणं) इथे होतात, म्हणून सरावाचा मोठा वाटा इथेच द्या. स्टिक हा साधा रूट घ्या. टाइट एंड ६ यार्ड सरळ जातो. समोर झोन (प्रत्येक बचावपटू आपापली जागा राखतो) असेल तर दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत थांबतो, मॅन (प्रत्येक बचावपटू एकेका खेळाडूला धरून राहतो) असेल तर अंगावरच्या बचावपटूपासून दूर, बाहेरच्या बाजूला वळतो. रूट एकच, पण शेवट दोन.

मॅन की झोन हे दोघांनी दोनदा तपासायचं. पहिल्यांदा स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधी: एखाद्या खेळाडूला मोशनमध्ये एका बाजूकडून दुसरीकडे पाठवा. बचावपटू त्याच्या मागोमाग गेला तर बहुधा मॅन, सगळे जागच्या जागी थोडे सरकले तर बहुधा झोन. दुसऱ्यांदा स्नॅपनंतर: लाइनबॅकरची नजर क्वार्टरबॅकवर असेल तर झोन, टाइट एंडच्या कमरेवर असेल तर मॅन. पहिल्या आणि दुसऱ्या अंदाजात फरक पडला तर दुसरा खरा मानायचा, हे दोघांत आधीच ठरलेलं हवं. ते ठरलेलं नसलं की एक जण पहिल्यावर अडून बसतो आणि दुसरा दुसऱ्यावर.

झोनमध्ये थांबल्यावरही एक चूक सर्रास होते. टाइट एंड थांबतो आणि मग हळूहळू बाजूला सरकत राहतो. त्याला वाटतं आपण आणखी मोकळे होतोय, पण तो पुढच्या बचावपटूच्या जवळ जात असतो आणि बॉल आधीच्या जागेकडे निघालेला असतो. थांबलं की छाती क्वार्टरबॅककडे करायची, हात वर घ्यायचे आणि पाय रोवायचे. क्वार्टरबॅकने बॉल छातीच्या मधोमध न टाकता लाइनबॅकरपासून लांबच्या खांद्याकडे टाकायचा. झेलल्यावर कुठे वळायचं ते मग टाइट एंडला बॉलवरूनच कळतं.

सराव असा करा. रूट एकच ठेवा आणि समोर एकच लाइनबॅकर उभा करा. स्नॅपच्या क्षणी प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या मागून त्या लाइनबॅकरला हाताने खूण करेल: मूठ म्हणजे मॅन, पंजा म्हणजे झोन. टाइट एंडने त्या हाताकडे न बघता लाइनबॅकरकडेच बघायचं. १० पास टाका. पास झेलला गेला की नाही हे मोजू नका, दोघांचा निर्णय जुळला का ते मोजा. १० पैकी ९ वेळा जुळेपर्यंत दुसरा रूट घेऊ नका.

लाइनवर गेलेला वेळ

टाइट एंडने सुटण्याआधी डिफेन्सिव्ह एंडला धक्का द्यायचा असेल, तर तो रूटवर पाऊण ते एक सेकंद उशिरा निघतो. तरीही क्वार्टरबॅक त्याच्याकडे पहिल्याच नजरेत बघतो, तो तयार नसतो आणि प्ले वाया जाते. धक्का द्यायचा असेल त्या प्लेला क्वार्टरबॅकच्या नजरेत टाइट एंडचा क्रम तिसरा ठेवा. तो पहिला हवा असेल तर धक्का काढून टाका आणि त्या डिफेन्सिव्ह एंडला अडवण्याचं काम रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्या खेळाडूला) द्या. क्वार्टरबॅकच्या मागे जाण्याच्या पावलांचा मेळही तपासा: शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा राहून स्नॅप घेतो तेव्हा) ५-६ यार्डांच्या रूटला एक मोठं पाऊल पुरतं, १०-१२ यार्डांच्या रूटला तीन.

सीमचा पास

सीम रूट सरळ वर जातो, आणि पास लाइनबॅकरच्या हातावरून पण सेफ्टी पोहोचायच्या आत उतरवावा लागतो. इथे दोन चुका होतात. क्वार्टरबॅक पास फार उंच टाकतो आणि सेफ्टीला धावत यायला वेळ देतो. किंवा स्नॅपपासून टाइट एंडवरच नजर खिळवतो आणि सेफ्टीला पत्ता सांगून टाकतो. आधी दुसऱ्या बाजूच्या रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्या खेळाडूकडे) बघा, सेफ्टीचं पाऊल तिकडे पडलं की मग फेका.

३ फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) चौथ्या क्वार्टरला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने टाइट एंड रॉब ग्रॉन्कोव्स्कीला बचावपटूंच्या गराड्यात २९ यार्डांचा पास दिला आणि बॉल २ यार्डांच्या रेषेवर पोहोचला. पुढच्याच प्लेला सामन्यातला एकमेव टचडाउन झाला. ६ फूट ६ इंच उंचीच्या खेळाडूला बॉल कुठे मिळू शकतो आणि बचावपटूला कुठे मिळू शकत नाही, याचा हिशोब त्या पासमध्ये दिसतो.

ब्लिट्झ एकालाच दिसणं

टाइट एंडच्या बाजूचा लाइनबॅकर ब्लिट्झला आला की त्याची जागा रिकामी होते. तो पुढे सरकताक्षणी टाइट एंडने रूट तोडून मान वळवायची, कारण क्वार्टरबॅक बॉल लगेच सोडणार असतो. कोणत्या बचावपटूमुळे रूट बदलायचा त्याचा जर्सी नंबर हडलमध्येच (प्लेआधी संघ गोल करून बोलतो तेव्हा) सांगून ठेवा.

रूट सोडण्याची मुभा

काही जोड्या ठरलेला रूटही बदलतात. २३ जानेवारी २०२२ ला बफेलो बिल्सविरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स ३६-३३ ने मागे होते आणि १३ सेकंद उरले होते. चीफ्सचा रिसीव्हर टायरिक हिलला १९ यार्डांचा पास मिळाला. त्यानंतर बचाव कसा उभा राहतोय ते बघून टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सीने ठरलेला रूट सोडून मधून सरळ जायचं सुचवलं, आणि क्वार्टरबॅक पॅट्रिक मॅहोम्सने लाइनवरून ओरडून होकार दिला. २५ यार्ड मिळाले, ४९ यार्डांच्या फील्ड गोलने (लाथेने मारलेल्या, ३ गुणांच्या गोलने) बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये केल्सीनेच विजयी टचडाउन झेलला. केल्सी शाळेत स्वतः क्वार्टरबॅक होता, ही गोष्टही इथे मोलाची. नवख्या जोड्या यातून ‘मनाला येईल तसं पळावं’ एवढंच उचलतात. तिथे बदल स्नॅपच्या आधी दोघांना माहीत होता. होकार मिळाला नाही, तर ठरलेलाच रूट पळा.

टाइट एंड झाकला जाणं

लाइनवर त्याच बाजूला टाइट एंडच्याही बाहेर रिसीव्हर उभा राहिला, तर टाइट एंडला पास घेण्याचा हक्कच उरत नाही. पास उत्तम झेलला तरी पेनल्टी लागते. बाहेरच्या रिसीव्हरने लाइनपासून एक यार्ड मागे उभं राहायचं, आणि स्नॅप मागण्याआधी क्वार्टरबॅकने त्या बाजूला एकदा नजर टाकायची.

चुकल्यानंतरचं बोलणं

साइडलाइनवर ‘तू का थांबलास?’ असं विचारलं की समोरचा बचावात जातो आणि माहिती मिळत नाही. ‘लाइनबॅकर कुठे बघत होता?’ असं विचारा. आधी टाइट एंडने सांगायचं, मग क्वार्टरबॅकने, आणि त्यानंतर दोघांनी मिळून त्या प्लेचे फोटो किंवा व्हिडिओ बघायचा. दोघांनी वेगवेगळ्या बचावपटूंची नावं घेतली, तर पुढच्या सरावाचा पहिला रूट तोच ठेवा.