जन्माआधीची ओळख : बडोद्याच्या मराठी घरांतील आईबाबांसाठी

पोटातल्या बाळाशी नाते जोडायचे म्हणजे त्याला जन्मापूर्वीच हुशार करायचे, अशी समजूत गर्भसंस्कारांच्या जाहिरातींनी हल्ली बरीच पसरवली आहे. पोटावर हेडफोन ठेवून ठरावीक राग ऐकवल्याने मूल बुद्धिमान निपजते, याला भक्कम आधार नाही. मात्र आईचा आवाज आणि रोज कानी पडणारी लय बाळ ओळखू लागते, याला चांगला आधार आहे. पुढील सूचना त्यावरच बेतलेल्या असून त्यांसाठी पैसे भरून कोठेही नाव नोंदवावे लागत नाही.

साधारणपणे २५व्या आठवड्याच्या सुमारास बाळ बाहेरच्या आवाजांना प्रतिसाद देऊ लागते. पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून जाताना वरच्या पट्टीतले ध्वनी बरेचसे गाळले जातात व खालच्या पट्टीतले आत पोहोचतात, त्यामुळे बाळाला शब्दांपेक्षा बोलण्याचा हेल आणि चढउतार अधिक ऐकू येतो. आईचा आवाज हवेतून तर जातोच, शिवाय तिच्या शरीरातूनही जातो, म्हणून तो सर्वांत स्पष्ट असतो. डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकी संशोधकांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अवघ्या काही दिवसांच्या बाळांनी तोंडातली चोखणी चोखण्याची लय बदलून (त्या लयीनुसार ऐकवला जाणारा आवाज बदलत असे) परक्या स्त्रीऐवजी स्वतःच्या आईचा आवाज ऐकणे पसंत केले होते.

तेव्हा बोलण्यासाठी वेगळा मुहूर्त काढण्याची गरज नाही. वरणाला फोडणी देताना, कपड्यांच्या घड्या घालताना, दुपारी पाय वर करून पडल्यावर जे चालले आहे तेच बाळाला सांगावे. सुरुवातीला संकोच वाटतो, आणि सासूबाई स्वयंपाकघरात असतील तर तो अधिकच वाटतो. अशा वेळी वर्तमानपत्रातील बातमी मोठ्याने वाचली तरी चालते. याशिवाय एक छोटी गोष्ट मात्र कायम ठेवावी : एखादी अंगाई, संध्याकाळचे स्तोत्र किंवा चार ओळींचे बडबडगीत रोज त्याच चालीत म्हणावे. गर्भारपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आईने रोज वाचलेला उतारा नवजात बाळाला ओळखीचा वाटतो, असे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे. नवी नवी गाणी शोधत बसण्यापेक्षा एकच गाणे पुन्हा पुन्हा म्हणणे अधिक उपयोगाचे आहे.

भाषेचा प्रश्न बडोद्यात हमखास निघतो. घरात मराठी, शेजारी व बाजारात गुजराती आणि टीव्हीवर हिंदी, यांत बाळ गोंधळेल अशी भीती आजीआजोबांना वाटते. ती बाळगण्याचे कारण नाही. गर्भारपणात दोन भाषा नियमित बोलणाऱ्या आयांची बाळे जन्मानंतर दोन्ही भाषांकडे लक्ष देतात, असे दिसून आले आहे. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या घरांच्या मराठीला गुजराती हेल असतो आणि पुण्याचे नातेवाईक त्यावर हसतात. बाळाला मात्र तोच हेल घरचा वाटणार आहे, म्हणून निदान त्याच्यापाशी तरी प्रमाण मराठीचा आग्रह धरू नये.

बाळाला हाक मारण्यासाठी मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही शोभेल असे लाडाचे नाव निवडावे. गर्भलिंग सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि पोटाच्या आकारावरून चालणारे अंदाज त्या नावापुढे आपोआप मागे पडतात.

नवरात्रात गरब्याच्या मैदानावर जावे की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. गेल्यास ध्वनिवर्धकांपासून दूर बसावे. कानात बोळे घातल्याने आईचे कान वाचतात, बाळाचे नाही. पोटावर हेडफोन न लावण्याचे कारणही हेच आहे.

वडिलांची बाजू थोडी अवघड आहे. त्यांचा आवाज बाहेरूनच पोहोचतो, आणि आईच्या आवाजाकडे असते तशी ओढ नवजात बाळाला वडिलांच्या आवाजाकडे असल्याचे प्रयोगांत दिसलेले नाही. यामुळे खट्टू होऊ नये. पोटाजवळ बसून नेहमीच्या आवाजात बोलण्याचा पहिला लाभ वडिलांनाच होतो, कारण बाळ त्यांच्या रोजच्या विचारात येते. तपासणीच्या दिवशी शक्य असेल तर सुट्टी काढावी आणि हृदयाचे ठोके दोघांनी मिळून ऐकावेत. डोहाळजेवणानंतर पत्नी माहेरी जाणार असेल, तर तिकडचे महिने कोरडे जाऊ देऊ नयेत. रात्री फोन स्पीकरवर ठेवून तिच्याशी निवांत बोलावे. फोन पोटाला टेकवण्याची गरज नाही, खोलीत ठेवला तरी पुरे. पत्नीची विचारपूस न करता केवळ बाळाशी बोलणारा नवरा या साऱ्यातला मूळ मुद्दाच विसरलेला असतो.

पहिलटकरणीला हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवते. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूस असेल तर आणखी उशीर होतो. बाहेरून ठेवलेल्या हाताला ती कळायला त्यानंतरही काही आठवडे जातात. हात हलका ठेवावा, वाट पाहावी. पोट दाबून किंवा टोचून बाळाला उठवू नये. २८व्या आठवड्यापर्यंत बहुतेक बाळांच्या हालचालींची एक तऱ्हा ठरते आणि आईला ती पाठ होते. ती तऱ्हा बदलली किंवा हालचाल मंदावली, तर सरबत पिऊन सकाळपर्यंत थांबू नये. त्याच वेळी रुग्णालयात जावे. घरी ठोके ऐकण्याच्या यंत्रावर विसंबून स्वतःची समजूत घालणे धोक्याचे आहे, कारण ठोके ऐकू आले तरी बाळ अडचणीत असू शकते.

काही जणींना हे सारे करूनही माया दाटून येत नाही, विशेषतः आधी गर्भपात झाला असेल तर मन स्वतःला आवरून धरते. त्यात आईचे काही चुकलेले नसते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ओढ बाळ हाती आल्यावरच हळूहळू लागते. उदासी, भीती किंवा झोप न लागणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी विनाशुल्क बोलता येते, आणि हा फोन पतीनेही स्वतःसाठी करण्यास हरकत नाही.