स्टंप ग्राइंडर घेताना एचपी नंतर विचारा, आधी बेअरिंगचा नंबर विचारा

स्टंप ग्राइंडर, म्हणजे कापलेल्या झाडाचा बुडखा फिरत्या दातेरी चाकाने खरवडून काढणारं मशीन, कुठला घेऊ, असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपीचा घेऊ? यूट्यूबवर बघितलेलं असतं, डीलरने तेच सांगितलेलं असतं, आणि दोघांनीही मशीन बंद का पडतं हे सांगितलेलं नसतं. गेली पंधरा वर्षं मी पुण्यात आणि आसपास झाडकामाचा धंदा करतोय. त्यात तीन ग्राइंडर वापरले. तिन्ही मशीन जेव्हा जेव्हा बंद पडली, तेव्हा इंजिनामुळे पडली अशी एकच वेळ आठवते. बाकी प्रत्येक वेळी खोट इंजिनापासून कटरच्या चाकापर्यंतच्या दोन-अडीच फुटांत होती: क्लच, बेल्ट, बेअरिंग, दात. म्हणून हा लेख तेवढ्याच भागावर जास्त आहे.

महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, माणसांचा विमा, मशीन न्यायला गाडी, ही तयारी झालीय असं धरून चालतो.

पायरी १: गेट आणि वही

टेप घ्या आणि नेहमीच्या चार-पाच सोसायट्यांची मागची गेटं मोजा. बंगल्याच्या बाजूची बोळ बहुतेक ठिकाणी तीन फुटांच्या आसपास भरते. ब्रोशरमधली रुंदी काही वेळा बाहेरची जोडचाकं काढून मोजलेली असते, ते विचारून घ्या. मग गेल्या वर्षीच्या कामांची वही काढून किती बुडखे, कुठल्या झाडाचे आणि आडवं माप किती, ते लिहा. वही नसेल तर आजपासून ठेवा.

पायरी २: जात ठरवा

हाताने दाबून चालवायचं छोटं मशीन फूटभर मापाच्या बुडख्यांना ठीक. त्यापुढे ते माणूस दमवतं, आणि दमलेल्या माणसाच्या हातात फिरतं चाक नको. सोसायट्या आणि बंगले हाच तुमचा धंदा असेल तर पंचवीस एचपीच्या आसपासचं, स्वतः चालणारं, हायड्रॉलिकने चाक डावी-उजवीकडे फिरवणारं मशीन घ्या. घरी ट्रॅक्टर असेल आणि कामं शेताच्या बांधावरची, फार्महाउसची, रस्त्याकडेची असतील तर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा ग्राइंडर बघा. त्याला वेगळं इंजिन नाही, म्हणजे सांभाळायची एक गोष्ट कमी. फक्त पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांचा आहे ना आणि शाफ्टवर शिअर बोल्ट (जास्त भार आला की स्वतः तुटणारा) किंवा स्लिप क्लच (भार आला की घसरणारा) आहे ना, हे पाहा. तो नसेल तर चाक अडकल्याक्षणी सगळा झटका गिअरबॉक्सवर येतो.

जेसीबीने बुडखा उपटून घ्या, असा सल्ला देणारे भेटतील. मोकळ्या प्लॉटवर खुशाल उपटा. सोसायटीत मुळाबरोबर कंपाउंडची भिंत, ड्रेनेजचं चेंबर आणि पाण्याची लाइन वर येते, आणि बिल तुमच्या नावावर फाटतं.

पायरी ३: इंजिन

नाव असलेल्या कंपनीचं, तुमच्या शहरात ज्याचा सर्व्हिसवाला आहे असं इंजिन घ्या. एचपीच्या आकड्याला भुलू नका. होंडाचं जीएक्स ३९० हे इंजिन ३८९ सीसीचं. ते पूर्वी १३ एचपीचं म्हणून विकलं जायचं, आता कंपनी स्वतः त्याची नेट पॉवर ११.७ एचपी लिहिते. इंजिन तेच आहे, मोजायची पद्धत बदलली. म्हणून दोन मशीनची तुलना करताना सीसी बघा. एअर फिल्टर दोन थरांचा हवा, कारण बुडख्याचा भुसा आणि माती थेट इंजिनाकडेच उडते.

पायरी ४: झिजणाऱ्या वस्तूंची यादी मागा

इथून पुढे घाई करू नका. मी घाई केली होती.

माझं पहिलं मशीन डीलरने त्याच्याच आवारात चालवून दाखवलं. बुडखा गुलमोहराचा, वर्षभर उन्हात सुकलेला. दहा मिनिटांत जमिनीच्या खाली गेला. मी तिथेच आगाऊ रक्कम दिली. पहिलं मोठं काम निघालं कोथरूडच्या एका सोसायटीत, ओली चिंच, आडवं माप अडीच फूट. दुसऱ्या दिवशी दुपारी चाकाकडून बारीक किरकिर सुरू झाली. संध्याकाळी बेअरिंगच्या सीलमधून ग्रीस पातळ होऊन काळं ओघळत होतं आणि चाक हाताने वरखाली हलत होतं. बेअरिंग उघडून मी मुंबईला नागदेवी स्ट्रीटपर्यंत जाऊन आलो. तिथे बेअरिंग मिळत नाही असं सहसा होत नाही, पण हे मिळेना, कारण बेअरिंग आणि त्याचं घर दोन्ही त्या कंपनीच्या खास मापाचं होतं. डीलर म्हणाला, मागवतो. सात आठवडे लागले. मे संपताना मशीन उभं राहिलं ते जुलैच्या मध्यात चालू झालं. पावसाआधीची छाटणी आणि वाऱ्याने पडलेली झाडं, वर्षाची मोठी कमाई त्याच दिवसांत असते. त्या सात आठवड्यांत माझी दोन कायमची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.

तेव्हापासून मी पैशाची बोलणी सुरू व्हायच्या आधी डीलरकडून एक कागद लिहून घेतो. त्यावर चार गोष्टी असतात.

बेअरिंग. नंबर लिहून द्या म्हणायचं. यूसीएफ २०८ किंवा यूसीपी २०८ अशा धर्तीचा नंबर आला तर जीव भांड्यात पडतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिळतं, म्हणजे २०८ ला चाळीस मिलिमीटर. असं बेअरिंग नाशिकला, कोल्हापूरला, मडगावला कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल. ‘कंपनीचाच पार्ट लागतो’ हे उत्तर आलं तर दोन जोड मशीनबरोबरच घ्या, नाहीतर ते मशीन सोडा. ग्रीस निपलला गार्ड न काढता ग्रीसगन लागते का, तेही पाहा. निपल गार्डच्या आत लपलेला असेल तर पोरं ग्रीस मारत नाहीत, कितीही सांगा.

बेल्ट. साध्या व्ही-बेल्टवर नंबर छापलेला असतो. बी ५२ म्हणजे बी सेक्शन, आतली लांबी बावन्न इंच. तीन बेल्ट शेजारी-शेजारी असतील आणि एक तुटला तर तिन्ही बदला, आणि तिन्ही एकाच सेटचे घ्या. जुन्या दोन ताणलेल्या बेल्टांशेजारी एक नवा घातला की सगळा भार तो एकटा ओढतो आणि आठवड्यात जातो. ‘जो तुटला तो बदला’ हा सल्ला मी तीन गॅरेजवाल्यांकडून ऐकला आहे. तिन्ही वेळा चुकीचा.

दात. ढोबळमानाने दोन प्रकार येतात. एकात पॉकेटमध्ये, म्हणजे चाकावरच्या दात बसवायच्या घरात, बोल्टने आवळलेले सरळ-वाकडे दात असतात, दुसऱ्यात गोल दात, जे सैल करून थोडे फिरवले की नवी धार पुढे येते. आपल्याकडच्या मुरमाच्या जमिनीला मी गोल दातच घेईन. एका बाजूने धार गेली तर जागेवर फिरवून काम पुढे चालू ठेवता येतं. दाताचं टोक कार्बाइडचं असतं. ते वर्कशॉपच्या साध्या एमरी दगडावर घासू नका, दगड झिजतो आणि टोक तापून तडकतं. त्याला सिलिकॉन कार्बाइडचा हिरवा दगड किंवा डायमंड व्हील लागतं. पॉकेटचे बोल्ट मेट्रिक आहेत की इंचातले, हेही कागदावर घ्या. इंचातला बोल्ट तालुक्याच्या गावी मिळत नाही, आणि एका बोल्टासाठी दिवस जातो.

होज. हायड्रॉलिकचे होज भोसरीत किंवा कुठल्याही एमआयडीसीत क्रिंप करून, म्हणजे टोकाला फिटिंग दाबून बसवून, मिळतात. फक्त टोकाच्या फिटिंगचा आटा कुठला, ते लिहून घ्या.

हा कागद द्यायला जो डीलर टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी मशीन घेत नाही. किंमत कितीही पाडली तरी.

पायरी ५: चाचणी तुमच्या बुडख्यावर, तुमच्या वेळेने

डीलरच्या आवारातली चाचणी ही चाचणी नव्हे. मशीन तुमच्या जागेवर आणायला सांगा, वाहतुकीचे पैसे द्यावे लागले तरी द्या. बुडखा ओला हवा आणि दोन फुटांचा तरी हवा. चिंच किंवा बाभूळ मिळाली तर उत्तम. कोकणात किंवा गोव्यात कामं असतील तर नारळाच्या बुडख्यावरही चालवून बघा, कारण नारळाचा काथ्या शाफ्टला गुंडाळतो आणि सीलच्या आत घुसतो. गुलमोहरावर सगळीच मशीन चांगली चालतात.

आधी मशीन बंद असताना स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, म्हणजे इंजिन चुकून चालू होत नाही. टोपी काढल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, हे माझ्याकडे पहिल्या दिवशी शिकवतो. चाक हाताने सावकाश फिरवा. कान लावा. खरखर लागली तर बेअरिंग आत्ताच खराब आहे. चाक दोन्ही हातांनी धरून वरखाली आणि आडवं ढकला, प्ले, म्हणजे सैलपणा, लागता कामा नये. मग पांढऱ्या ऑइलपेंटने प्रत्येक दाताच्या बोल्टच्या डोक्यावरून पॉकेटवर एक सरळ रेघ ओढा. पाच मिनिटांचं काम आहे आणि मशीनबद्दल सगळ्यात खरं हीच रेघ सांगते.

आता सलग दोन तास चालवा. दहा मिनिटांत कुठलंच बेअरिंग तापत नाही. चालवताना कानाने ऐका: चाक लाकडात शिरल्यावर इंजिन थोडं दबलं पाहिजे आणि लगेच उठलं पाहिजे. इंजिन न दबता जोरात फिरत राहिलं आणि चाक मात्र मंदावलं तर क्लच घसरतोय. रबर जळाल्याचा वास आला तर बेल्ट घसरतोय. दोन्ही ‘नवीन आहे, सेट होईल’ म्हणून ऐकून घेऊ नका. सेट होत नाही.

दोन तासांनी इंजिन बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या, प्लगची टोपी पुन्हा काढा. चाक थांबायला किती सेकंद लागले ते मोजून ठेवा, पुढे मदतनिसाला तेवढा वेळ लांब उभं करायचं असतं. मग बेअरिंगच्या घराला आधी बोटाने चटकन शिवून बघा आणि सोसवलं तर तळवा टेकवा. मी पाचापर्यंत आकडे मोजतो. तोपर्यंत हात ठेवता आला तर ठीक. चटका बसून हात मागे आला तर ते मशीन परत पाठवतो. बेल्टच्या गार्डच्या आत बघा: काळी पूड साठली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. शेवटी पेंटच्या रेघा बघा. एखाद-दुसरी रेघ तुटली असेल तर बोल्ट कमी आवळला होता, पुन्हा आवळून एक तास चालवा. निम्म्याहून जास्त रेघा तुटल्या असतील तर पॉकेटची बैठकच बरोबर नाही, आणि ते दुरुस्त होत नाही.

या दोन तासांत आणखी एक गोष्ट बघायची: दगड कुठे उडतात. रबरी पडदा तीन बाजूंनी जमिनीला टेकला पाहिजे. माझ्या एका कामात पडद्याच्या फटीतून सुटलेल्या खड्याने पंचवीस फुटांवरच्या मोटारीची काच फोडली. तिथे काचेऐवजी वॉचमनचा मुलगा उभा असू शकला असता. तेव्हापासून प्लायवुडचे दोन तुकडे गाडीत असतात, पडदा कितीही चांगला असला तरी. आणि मशीनजवळ गळ्यात गमछा बांधलेला माणूस मी उभा करत नाही.

पायरी ६: व्यवहार

तो कागद बिलाला जोडून घ्या. दातांचा एक पूर्ण संच, बेल्टचा एक सेट आणि बेअरिंगचा एक जोड बिलातच टाका. जुनं मशीन घेत असाल तर अवरमीटरवर (मशीन किती तास चाललं ते दाखवणारा काटा) विश्वास ठेवू नका, वरची सगळी चाचणी करा.

पायरी ७: पहिले पन्नास तास

पहिल्या दहा तासांत रोज सकाळी सगळे बोल्ट आवळा, पाना टॉर्कचाच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) वापरा. इंजिनाचं पहिलं ऑइल पुस्तिकेत लिहिलंय त्या तासांना बदला, ‘पुढच्या महिन्यात बघू’ नको.

दात वाचवायचे तर बुडख्याभोवतीची माती आणि खडी वीतभर खोल कुदळीने ओढून घ्या, मगच मशीन लावा. रस्त्याकडेच्या झाडांनी लोखंडी ट्री-गार्ड बुंध्यात गिळलेले असतात, जाहिरातींचे खिळे असतात. हातातला साधा मेटल डिटेक्टर फिरवला तर दातांचा एक संच वाचतो. आणि खाली महावितरणची केबल किंवा गॅसची लाइन आहे का, हे सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आठवणीवर सोडू नका. नकाशा मागा, नसेल तर संबंधित कार्यालयाचा माणूस जागेवर बोलवा. तो येईपर्यंत मी मशीन गाडीतून उतरवत नाही.

वहीत आता दोन रकाने वाढवा: त्या दिवशी किती इंच बुडखा काढला आणि किती दात फिरवले किंवा बदलले. तीन महिन्यांनी चिंचेचा दर वेगळा आणि गुलमोहराचा वेगळा लावायला तुमच्याकडे स्वतःचे आकडे असतील.