नारुतोचा गेम घ्यायचाय? आधी सांगा, कुठे बसून खेळणार

माझा भाचा सातवीत आहे. मे महिन्यात त्याचा फोन आला, "मावशी, मला नारुतोचा गेम घेऊन दे ना." नारुतो म्हणजे अ‍ॅनिमेतला, जपानी कार्टूनमधला, निन्जा पोरगा. कोणता गेम, असं विचारलं तर म्हणाला, "जो चांगला असेल तो." एवढ्या माहितीवर पुण्याच्या तपकीर गल्लीत गेम आणायला जाऊ नका. मी गेले होते, म्हणून सांगते.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदम ओरिजिनल." होताही ओरिजिनल. सिंहगड रोडला बहिणीकडे जाऊन डिस्क पीएस-४, म्हणजे टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशनमध्ये घातली, तर पहिल्या मेनूपासून सगळं जपानी. त्यात ‘हो’ म्हणून कंट्रोलरवरचं क्रॉसचं बटण दाबलं की गेम मागेच जायचा. जपानमध्ये पीएस-४ पर्यंत ‘हो’ला सर्कल आणि ‘नाही’ला क्रॉस असायचा, हे मला त्या दिवशी कळलं. भाच्यानं दोन दिवसांत मेनू पाठ केला. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

तर खोका हातात घेतला की समोरच्या चित्रातला नारुतो नंतर बघा, आधी खालचा कोपरा बघा. तिथे वयाचं चिन्ह असतं. सेरो, म्हणजे ए, बी, सी, डी किंवा झेड अक्षर असेल तर माल जपानचा. ईएसआरबी असेल तर अमेरिकेचा, पेगी आणि आकडा असेल तर युरोपचा. पीएस-४, पीएस-५ आणि निन्टेन्डोचा हातात धरून खेळता येणारा स्विच या तिघांवर कुठल्याही देशाचा गेम चालतो. म्हणून दुकानदार "चालेल की" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण चालणं वेगळं आणि समजणं वेगळं. खोक्याच्या मागे भाषा लिहिलेल्या असतात, त्यात इंग्रजी आहे का ते स्वतः वाचा. प्लेस्टेशनचा दुसरा घोळ असा की जादा पात्रं वगैरे डीएलसी (वेगळं डाउनलोड करायचं सामान) विकत घेतलं, तर ते डिस्कच्या प्रदेशाशी जुळावं लागतं. आपल्या भारतातल्या खात्याला पेगीवाली डिस्क जुळते, अमेरिकेची जुळत नाही. डिस्क दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाली म्हणून अमेरिकेची घ्याल आणि नंतर पात्रं विकत घेऊन ती दिसणारच नाहीत.

आता मूळ मुद्दा. दुकानात सगळे विचारतात, "कुठला अ‍ॅनिमे आवडतो?" मी आधी विचारते, "कुठे बसून खेळणार, आणि शेजारी कोण असणार?"

माझं उत्तर सोपं आहे. मी कर्वेनगरहून हिंजवडीला कंपनीच्या बसनं जाते. चांदणी चौक ते वाकड हा माझा खेळायचा वेळ. कॉलेजात असताना पीएसपी या हातात मावणाऱ्या प्लेस्टेशनवर ड्रॅगन बॉलचा ‘शिन बुडोकाई’ होता आणि मैत्रिणीकडेही पीएसपी होता. मागच्या बाकावर बसून वायरलेसवर एकमेकींना धुवायचो. आता स्विच आहे. बसमध्ये मारामारीचे गेम मी खेळत नाही. खड्डा आला की अंगठा घसरतो आणि हरल्याचं खापर रस्त्यावर फोडायची सवय लागते. जपानी आवाज ठेवून खालची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायची तर डोकंही दुखतं. बसला हवा असा गेम जो मध्येच थांबवला तरी रुसत नाही. ‘डोरेमॉन स्टोरी ऑफ सीझन्स’ असा आहे. स्विचवर तो २०१९ मध्ये आला, पुढच्या वर्षी पीएस-४ वर. शेत नांगरा, पाणी घाला, गाई सांभाळा, गावकऱ्यांशी गप्पा मारा. शिनचॅनचा उन्हाळी सुट्टीचा गेमही तसाच, किडे पकडायचे आणि मासे धरायचे. त्याची इंग्रजी आवृत्ती २०२२ मध्ये आली.

डोरेमॉनच्या बाबतीत एक सूचना. इंग्रजी आवृत्तीत नोबिता नसतो, ‘नोबी’ असतो. शिझुका ‘सू’ होते, जियान ‘बिग जी’ आणि सुनियो ‘स्नीच’. माझी आई हिंदीतला डोरेमॉन वर्षानुवर्षं नातवाबरोबर बघत आलीय. ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "हा नोबी कोण गं? आपल्या नोबिताला काय झालं?" तिला समजवायला पाच मिनिटं लागली, पण आता दुपारी स्विच माझ्या हाती लागत नाही. या गेममध्ये नोबिता दमला की कुठेही डुलकी काढू शकतो आणि त्याचा दम परत भरतो. एक ते चार झोपणाऱ्या पुणेकरांना हे शिकवावं लागत नाही.

भाच्याचं उत्तर वेगळं होतं: हॉल, टीव्ही, आणि शेजारी मजल्यावरचे तीन मित्र. तिथे मारामारीच हवी. नारुतोसाठी ‘अल्टिमेट निन्जा स्टॉर्म ४’ घ्या, २०१६ चा आहे, आणि जमलं तर ‘रोड टू बोरुटो’ लिहिलेला, जादा भागासकटचा खोका घ्या. ‘स्टॉर्म ४’ची गोष्ट मात्र थेट निन्जांच्या महायुद्धाच्या शेवटाकडे सुरू होते. अ‍ॅनिमे अर्धाच बघितला असेल तर आधी पहिले तीन भाग खेळा. स्विचवर ते तिन्ही ‘ट्रिलॉजी’ म्हणून एकत्र मिळतात. ड्रॅगन बॉलची गोष्टच हवी असेल आणि एकट्यानं खेळायचं असेल तर ‘काकारोट’: राडित्झ या खलनायकाच्या येण्यापासून बू या खलनायकापर्यंत सगळं त्यात आहे. मित्रांसाठी ‘फायटरझी’. त्यात तिघांविरुद्ध तिघं असतात आणि एकच हलका ठोसा लागोपाठ दाबला तरी कॉम्बो, म्हणजे ठोशांची साखळी, आपोआप बसतो, त्यामुळे नवखा पोरगा पहिल्या दिवशी रडत घरी जात नाही.

ड्रॅगन बॉलचाच ‘स्पार्किंग झीरो’ सगळ्यांना हवा असतो, कारण त्यात १८२ पात्रं आहेत. पण २०२४ मध्ये तो पीएस-५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीसाठी निघाला, पीएस-४ वर नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तो पीएस-४ साठी वाढदिवसाला आणला आणि मुलाचा चेहरा उतरला. निघाला तेव्हा एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायला त्यात एकच मैदान होतं, हेही खोक्यावर मोठ्या अक्षरांत नव्हतं.

सेकंडहँड घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. स्विचच्या काही खोक्यांत कार्ट्रिज नसतंच, नुसता डाउनलोड कोड असतो. आधीच्या मालकानं तो वापरलेला असला की तुमच्या हाती राहतो प्लास्टिकचा डबा. खोका उघडून दाखवा म्हणा, लाजू नका. दुसरं म्हणजे ‘जंप फोर्स’. गोकू, नारुतो, लुफी असे वेगवेगळ्या मालिकांतले हिरो एकत्र बघून पोरं हुरळतात, आणि मिळतोही स्वस्त. त्याचं डिजिटल विकणं फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन सर्व्हर. घरात बसून दोघांनी खेळायला डिस्क चालते, पण ऑनलाइन खेळायच्या आशेनं पैसे घालू नका.

गेम आला. आता लगेच कथा सुरू करू नका. टीव्हीचा रिमोट घ्या आणि पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. एरवी टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो, तेवढा उशीर बटण दाबणं आणि हात हलणं यांच्यात येतो. मालिका बघताना तो जाणवत नाही. स्टॉर्ममध्ये जाणवतो, कारण तिथला सगळा खेळ ओंडक्यावर आहे. शत्रूचा ठोसा बसत असताना ऐन क्षणी ट्रिगर दाबला की मार लाकडाच्या ओंडक्याला बसतो आणि तुम्ही त्याच्या पाठीमागे. भाचा आठवडाभर म्हणत होता की कंट्रोलर खराब आहे. खराब काही नव्हतं, बहिणीनं टीव्ही ‘सिनेमा’वर ठेवला होता.

मग अर्धा तास फक्त प्रॅक्टिस मोड. सर्कल मारायला, क्रॉस उडी मारायला, स्क्वेअर शस्त्र फेकायला. ट्रँगल म्हणजे चक्र, निन्जाची शक्ती: एकदा दाबून सर्कल दाबलात की जुत्सू, म्हणजे निन्जाचा खास डाव, दोनदा दाबून सर्कल दाबलात की मोठा जुत्सू, आणि ट्रँगलनंतर क्रॉस दाबलात की शत्रूवर झेप. नवशिके चक्र मिळालं की लगेच मोठा जुत्सू सोडतात, समोरचा ओंडका सोडून निसटतो आणि यांचं चक्र संपलेलं असतं. ओंडक्यांची पट्टी मर्यादित असते. समोरच्याला आधी साध्या ठोशांनी ती संपवायला लावा, मग मोठा जुत्सू काढा. मी भाच्याला एवढं एकच शिकवलं. आता तो मला चहा होईपर्यंत तीनदा हरवतो आणि वर विचारतो, "मावशी, गेम मोड चालू आहे ना?"