पऱ्हाटीचा जगाचा नकाशा, आपल्या एकर-क्विंटलात

आमच्या गावच्या वाचनालयात एकच संगणक आहे. दुपारी दोन ते पाच तो माझ्याकडे असतो. गेल्या मोसमात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी संपत आली होती, भाव काही केल्या चढत नव्हता, आणि काकाजी पेपर घडी घालून माझ्या टेबलाशी येऊन बसले. पेपरात ब्राझीलच्या कापसाची बातमी होती. म्हणाले, "त्या ब्राझीलवाल्याइले एकरी किती होते, थे पाह्य बरं."

त्या एका प्रश्नात आमच्या तीन दुपारी गेल्या. तुमच्या जाऊ नयेत म्हणून सगळं सांगते, चुकीसकट.

जगभरच्या पिकांचे आकडे एका जागी पाहायचे तर फाओस्टॅट नावाचं संकेतस्थळ आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, जिचं मुख्यालय रोमला आहे, ती ते चालवते. पैसे लागत नाहीत. १९६१ पासूनचे देशवार आकडे तिथे आहेत. नुसती झलक हवी असेल तर 'अवर वर्ल्ड इन डेटा' सोपं पडतं. तिथे नकाशा तयारच असतो आणि खालची पट्टी बोटानं सरकवली की वर्षं पुढेमागे होतात, मोबाइलवरसुद्धा. पण तुमचा प्रश्न नेमका असेल तर फाओस्टॅटवरच जा, कारण कोणती ओळ घ्यायची हे तिथे तुम्ही ठरवता.

'डेटा'वर गेलात की 'प्रॉडक्शन' दिसेल आणि त्यात 'क्रॉप्स अँड लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स'. ते उघडलं की निवडीचे चार चौकोन येतात: देश, काय मोजायचं ते, पीक, आणि वर्ष. चारही चौकोनांत काहीतरी निवडल्याशिवाय आकडे येत नाहीत. सगळंच निवडण्याच्या मोहात पडू नका. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसतो आणि मोठी फाइल अर्ध्यात तुटते. मी आठ देश, एक पीक आणि शेवटची पाच वर्षं घेते. मग 'शो डेटा' दाबून आधी पडद्यावरच पाहते, आणि बरोबर वाटलं तरच उतरवून घेते.

पिकाच्या चौकोनात कापूस लिहून सापडणार नाही, तिथलं नाव इंग्रजीच लागतं. आणि गाडी अडते ती इथेच. 'सीड कॉटन, अनजिन्ड' म्हणजे सरकीसकट कापूस, जो आपण गाडीत भरून जिनावर, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, नेतो तो. 'कॉटन लिंट, जिन्ड' म्हणजे रुई. 'कॉटन सीड' म्हणजे सरकी. एकाच बोंडातून आलेल्या या तीन वेगळ्या ओळी आहेत. पेरा, म्हणजे किती जमिनीवर लावला ते, आणि उतारा, म्हणजे तेवढ्या जमिनीमागे किती निघाला ते, सरकीसकट कापसाच्या ओळीत मिळतो. रुईच्या ओळीत नुसतं उत्पादन असतं.

मी चुकले ती याच जागी. पहिल्या दिवशी मी फाओस्टॅट उघडलंच नव्हतं, अमेरिकेचा एक आकडा दुसरीकडून उचलला होता. अमेरिकेत उतारा एकरी पौंडांत सांगतात. आकडा ८०० पौंडांच्या घरातला होता. त्याचे किलो केले, ३६३ आले. मी वाचनालयाच्या फलकावर लिहून टाकलं की अमेरिकेच्या शेतकऱ्यालाही एकरी साडेतीन क्विंटलच होतो. लोकांना बरं वाटलं. संध्याकाळी जिनात काम करणारा एक भाऊ पुस्तक बदलायला आला, फलकासमोर थांबला आणि म्हणाला, "ताई, हे रुईचं वजन असन. थे लोक सरकीसंगट नाही धरत."

त्याचं खरं होतं. आपल्याकडे एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. ३४ धरली तर ३६३ किलो रुईसाठी साडेदहा क्विंटलांहून जास्त कापूस लागतो. मी साडेतीन लिहून बसले होते. फलक त्याच वेळी पुसला आणि दुसऱ्या दिवशी खाली कारण लिहून नवा आकडा लावला. तेव्हापासून आकडा हाती आला की आधी विचारते: रुई की कापूस?

गाठींचंही तेच. आपली गाठ १७० किलोंची. अमेरिकेचं कृषी खातं ज्या गाठीत मोजतं ती ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोंची. त्यांच्या १०० लाख गाठी आपल्या १२८ लाख होतात. पेपरात 'गाठी' एवढंच लिहिलेलं असेल तर कोणाच्या गाठी ते पाहिल्याशिवाय पुढे वाचू नका. कापसाचं वर्षही सारखं नाही. आपला हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, अमेरिकेच्या हिशोबाचा ऑगस्ट ते जुलै.

आता एकराचा हिशोब. फाओस्टॅट उतारा हेक्टरी किलोंत देतं. एका हेक्टरात २.४७ एकर आणि क्विंटलात १०० किलो, म्हणून आकड्याला २४७ नं भागलं की एकरी क्विंटल हाती येतात. ही संख्या मी टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवली आहे. कोणाकडे जुनी उतरवलेली फाइल असेल तर एककाचा रकाना आधी पाहा. पूर्वी तिथे किलोऐवजी १०० ग्रॅमचं माप असायचं, आणि तिथे नजरचूक झाली तर उतारा सरळ दहापट दिसतो.

काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं: ब्राझील अलीकडच्या वर्षांत हेक्टरी ४,००० किलोंच्या वर, म्हणजे एकरी १६ क्विंटलांहून जास्त. भारत एकरी पाच क्विंटलांच्या आसपास. काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नकाशा काढ."

नकाशासाठी फाइल गूगल शीट्समध्ये उघडायची. फाओस्टॅटच्या फाइलीत रकाने बरेच असतात. 'डेटा' मेनूतून फिल्टर लावा आणि एकच मोजमाप, एकच वर्ष ठेवा. मग कोऱ्या पानावर दोनच रकाने न्या, देशाचं नाव आणि आकडा. ते दोन्ही निवडून 'इन्सर्ट', 'चार्ट', आणि चार्टच्या प्रकारांत खाली 'जिओ चार्ट'. हे मोबाइलच्या ॲपपेक्षा संगणकावर करा. एखादा देश कोराच राहिला तर बहुतेक नावाचा घोळ असतो. फाइलीत 'चायना, मेनलँड' असं लिहिलेलं असतं, नकाशाला ते कळत नाही. तिथे साधं 'चायना' करून घ्यायचं.

चीनपाशी आणखी एक खड्डा आहे. देशांच्या यादीत 'चायना' वेगळं आणि 'चायना, मेनलँड' वेगळं आहे, आणि पहिल्यात दुसरं धरलेलं असतं. दोन्ही निवडून बेरीज केली तर चीनचा कापूस दोनदा मोजला जातो. देश फुटले तिथेही असंच जपावं लागतं. उझबेकिस्तान कापसाचा मोठा देश, पण त्याची ओळ १९९२ पासून सुरू होते. त्याआधीचं सगळं सोव्हिएत संघाच्या नावावर आहे. ज्या कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटवला, तो कापूस शोधायचा तर सोव्हिएत संघाचीच ओळ उघडावी लागते. सुदानचे आकडे २०११ पर्यंत 'सुदान (फॉर्मर)' या नावाखाली आहेत.

आम्ही एक सोडून तीन नकाशे काढले आणि छापून शेजारी शेजारी लावले. पहिला पेऱ्याचा. त्यात भारत सगळ्यात गडद, कारण जगात कापसाखाली सगळ्यात जास्त जमीन आपली. दुसरा उत्पादनाचा, त्यातही भारत गडदच. तिसरा उताऱ्याचा, आणि त्यात चीन, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, तुर्कस्तान गडद, भारत फिका. आकडे तेच, देश तेच. ज्याला अभिमान दाखवायचा तो पहिला छापेल, ज्याला नावं ठेवायची तो तिसरा. म्हणून कोणी एकच नकाशा समोर धरला तर दुसरे दोन मागा.

काकाजी तिसऱ्यापाशी उभे होते. "आपण इतके फिक्के काहून?" मग स्वतःच म्हणाले, "पाणी असन त्याइच्याकडं." ऑस्ट्रेलियाचा बहुतेक कापूस ओलिताचा आहे, चीनच्या शिंज्यांगचाही. पण ब्राझीलचा बहुतेक कापूस आपल्यासारखा कोरडवाहूच आहे. तो प्रामुख्यानं मातो ग्रोसो राज्यात होतो, पुष्कळ ठिकाणी सोयाबीन काढल्यावर दुसरं पीक म्हणून. तिथे पाऊस जास्त आणि भरवशाचा, वाण वेगळं, झाडं दाट, वेचणी यंत्रानं. इथे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सघन, म्हणजे दाट, लागवडीबद्दल सांगत आली आहे, ते काकाजींनी ऐकलं होतं. पण जगाच्या नकाशाशेजारी उभं राहून ते पहिल्यांदाच बोलले.

नकाशा कारण सांगत नाही, हे ध्यानात ठेवून वापरा. आणि तो जिल्हाही सांगत नाही. फाओस्टॅटमध्ये भारत म्हणजे एक आकडा. त्यात पंजाब-हरियाणाचा ओलिताचा कापूस आणि आमची हलक्या रानातली पऱ्हाटी एकत्र आहे. जिल्ह्याचे आकडे केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे मिळतात. त्यासाठी तिकडेच जावं. एका वर्षावरही विसंबू नका. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडे बोंडं आतून पोखरली. तेवढंच वर्ष धरलं तर पाहणाऱ्याला वाटेल, इथे काही पिकतच नाही. मी पाच वर्षांची सरासरी काढते आणि शेवटचं वर्ष शेजारी लिहिते.

फाइलीत आकड्याच्या पुढे एक अक्षर असतं, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. 'ए' म्हणजे देशानं अधिकृत दिलेला आकडा, 'ई' म्हणजे अंदाज, 'आय' म्हणजे आकडा नव्हता म्हणून गणितानं भरलेला. अंदाजाच्या आकड्यांवर वाद घालू नये. फलकावर लावताना अशा देशांपुढे मी पेन्सिलीनं फुली मारते.

तूर पाहायची असेल तर 'पिजन पीज, ड्राय' शोधा, हरभऱ्याला 'चिक पीज, ड्राय', सोयाबीनला 'सोया बीन्स'. वरूड-मोर्शीकडच्यांनी संत्र्यासाठी मात्र दोन ओळी उघडाव्यात. आपला नागपुरी संत्रा वनस्पतिशास्त्रानं मँडरिन आहे, आणि फाओस्टॅटमध्ये 'ऑरेंजेस' वेगळं, 'टँजरिन्स, मँडरिन्स, क्लेमेंटाइन्स' वेगळं. भारताचा आकडा कोणत्या ओळीत भरला आहे ते पाहूनच नकाशा काढा.

तिसरा नकाशा अजून भिंतीवर आहे. काकाजींनी त्यावर भारताच्या पोटात बारीक अक्षरात स्वतःच्या शेताची पाच वर्षांची सरासरी लिहिली आहे. त्यांचं पाहून आता त्या जागी अकरा आकडे झाले आहेत, सगळे एकरी क्विंटलांत.