पणजीचं दुसरं नाव: वंशावळ शोधताना या चुका टाळा

आमच्या वंशावळीत तीन वर्षं एक बाई जास्त होती. फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, पणजोबांची वारस म्हणून एक नाव होतं, पणजीच्या माहेरच्या कागदांत दुसरंच. मी दोन बायका धरून चाललो. पहिली प्लेगात गेली असणार, अशी गोष्टही मनाशी जुळवली आणि चार नातेवाइकांना सांगून टाकली. मग एका सुट्टीत आत्याने माळ्यावरची तांब्याची कळशी खाली काढली. चिंचेने घासल्यावर गळ्याखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं वर आली: मुलीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, त्यांचं गाव आणि ‘शके १८३४ वैशाख’. माहेरची आंदणाची कळशी. बाई एकच होती, लग्नात तिचं नाव बदललं होतं.

म्हणून पहिली चूक हीच सांगतो. घरातली माणसं आणि वस्तू सोडून आपण थेट तलाठी कार्यालय गाठतो. कागद पन्नास वर्षं राहिलेत, अजून राहतील. आत्या, मावशी, चुलत आजी यांचं तसं नाही. त्यांच्याकडे जाऊन ‘पूर्वजांची नावं सांगा’ म्हटलं तर दोन नावांवर गाडी थांबते. त्याऐवजी विचारा, सुतक कुणाकुणाचं धरायचात, आणि किती दिवसांचं? दहा दिवसांचं असेल तर भाऊबंद जवळचे, तीन दिवसांवर आलं असेल तर फांदी लांब गेलेली. देवीला कुठे जायचात? बोडण, गोंधळ, जत्रा कुणाच्या घरी व्हायची? लग्नात देवक काय असायचं? या उत्तरांमधून नाती आपोआप उलगडतात. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, विचारून.

दक्षिण महाराष्ट्रात, कर्नाटकाच्या सीमेलगत, अजून कुठे कुठे हेळवी येतात. दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या म्हणतात आणि त्यांच्याजवळ वहीही असते. धान्य घालून त्यांना वाटेला लावू नका. बसवून घ्या, चहा द्या, म्हणतील ते लिहून घ्या.

दुसरी चूक आडनावाची. आडनाव एक म्हणजे कूळ एक, हे खरं नाही. जाधव, पवार, शिंदे, मोरे ही आडनावं कितीतरी जातींत आहेत. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही तर वतनाची नावं, गावागावाला वेगळं घराणं. गाव सोडलं की गावाच्या नावाला ‘कर’ लागायचं आणि मूळ गावात राहिलेल्या भावाचं आडनाव तेच राहायचं. त्यामुळे सख्ख्या भावांची नातवंडं वेगळ्या आडनावाची निघतात. जुन्या कागदांत तर पुष्कळदा आडनाव नसतंच. ‘तुकाराम बिन सखाराम’ एवढंच. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. हे माहीत नसल्याने ‘कोम’ हे बाईचं आडनाव समजून शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

नावं पुन्हा पुन्हा येतात, हीही मोठी गफलत. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने विष्णूचा रामचंद्र, रामचंद्राचा विष्णू अशी साखळी चालते. मधली पिढी गळली, तर दोन विष्णू एक होऊन बसतात आणि त्या माणसाचं आयुष्य एकशे दहा वर्षांचं होतं. असं आकडेमोडीत आलं की समजा, जोड चुकलाय. दत्तकाचंही तसंच. दत्तक गेलेला मुलगा जन्मघरच्या कागदातून नाहीसा होतो आणि चुलत्याच्या घरात मुलगा म्हणून उगवतो.

आता सन. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून थोडं सविस्तर. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. पौषातली नोंद बहुतेक जानेवारीत पडते, तिथे ७९ मिळवायचे. फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० मिळवा: फसली १३०० म्हणजे १८९०-९१. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या दप्तरातली आणखी एक कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०, म्हणजे जून १७६० ते जून १७६१, पानिपताचं वर्ष. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मे यांतल्या तारखेला ६०० मिळवावे लागतात. मोडी कागद असेल तर आणखी एक काळजी घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडलेले नसतात. एकाच फोटोवर दोन वाचकांकडून वेगवेगळं वाचन करून घ्या. मराठवाड्यातले निजामकाळचे कागद मात्र बहुधा उर्दूत निघतील.

गाव सापडत नाही? आधी जिल्हा बघा. ‘दक्षिण सातारा’ म्हणजे आजची सांगली, ‘पूर्व खानदेश’ म्हणजे जळगाव, ‘कुलाबा’ म्हणजे रायगड. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली गेलेलं गाव नकाशात शोधून मिळणार नाही, पुनर्वसनाच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

कागदांत आधी वारस नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६क, मग फेरफार. कोतवाल बुकात, म्हणजे नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यू असतात. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन आहेत. सातबारात नाव नाही म्हणून ‘आमचा इतिहासच नाही’ असं म्हणू नका. जमीन नसलेल्यांची नावं शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडतात. महार वतनाच्या जमिनींचे फेरफार १९५८च्या कायद्याने वतनं गेली, त्या सुमाराचे काढून पाहा. एकेका नोंदीत अख्खी भावकी सापडते.

पण माझ्या मते सगळ्यात घातक चूक म्हणजे मोठं नाव आधी ठरवून खाली उतरत येणं. कुणी सरदार, कुणी संत निवडायचा आणि मग आपल्यापर्यंत दोर ओढायचा. मधल्या चार पिढ्या अशा वेळी आपणच लिहितो. आपल्यापासून सुरुवात करा, एकेक पिढी पुराव्याने वर चढा, पुरावा संपला तिथे रेघ थांबवा. थांबलेली रेघ मला जुळवलेल्या रेघेपेक्षा कितीतरी प्रिय आहे. आमची १८४०च्या आसपास थांबते, आणि तिथे एक शेतकरी आहे, ज्याच्या नावापुढे सही म्हणून नांगर काढलाय. हाताने, जरा वाकडा. तो फोटो पाहिला त्या दिवशी मी बराच वेळ नुसता बसून होतो.

तीर्थोपाध्यांकडे, म्हणजे यात्रेकरू घराण्यांच्या वह्या ठेवणाऱ्या तीर्थावरच्या पुरोहितांकडे, नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, काशी कुठेही जाल, तेव्हा मूळ गाव, तालुका, जात, आडनाव, आजोबांचं नाव हे सगळं लिहून न्या. वह्या गावानुसार आणि घराण्यानुसार लावलेल्या असतात. राहत्या शहराचं नाव सांगून रिकाम्या हाताने परतणारे खूप. नोंद मिळाली तर तिचा फोटो घेऊ द्याल का, असं नम्रपणे विचारा, दक्षिणा द्या, आणि अक्षर नीट पाहा. पुष्कळदा ते आलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं असतं.

मग उपाध्ये वही तुमच्यापुढे करतात आणि पेन देतात. माझ्या आधीच्या पानावर आजोबांनी मुलगे लिहिले होते, मुली नव्हत्या. मी आधी आत्याचं नाव लिहिलं, मग पणजीची दोन्ही नावं, माहेरच्या गावासकट, आणि खाली माझ्या मुलीचं. उपाध्यांनी ओळी वाचल्या, वाळू दिल्या आणि वही मिटली.